टी-९० चा गिअर टॉवर आणि वागळे इस्टेटमधला जीपवाला गाळा

तीन गिअरच्या जुन्या जीपचा दांडा न्यूट्रलमध्येही सैल झुलत असेल, दुसरा गिअर उतारावर सटकत असेल किंवा दांडा दोन गिअरच्या मध्येच अडकत असेल, तर ठाण्यात वागळे इस्टेटच्या आतल्या रस्त्यावरचा हा गाळा गाठावा. बाहेर पाटी नाही. आसपासच्या लेथवाल्यांना ‘जीपवाला गाळा’ विचारलं की ते दाखवतात. टॉवरचं, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या ज्या डब्यात दांडा बसतो त्याचं, काम इथं उत्तम होतं. हिशोब आणि वेळ पाळणं यांत मात्र सुधारणा हवी आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी गाळ्याचं काम नेमकं काय ते सांगायला हवं, कारण अनेकजण चुकीची अपेक्षा घेऊन जातात. इथं पूर्ण गाडीचं काम होत नाही. गिअरबॉक्सच्या डोक्यावरचा टॉवर, त्यातला दांडा, गिअर सरकवणारे फोर्क, ते फोर्क वाहणाऱ्या शिफ्टच्या सळ्या, छर्रे आणि स्प्रिंगा, शिवाय फोर-व्हील-ड्राइव्हचे दोन छोटे दांडे, एवढंच इथं दुरुस्त होतं. वेगवेगळ्या सालच्या जीपचे भाग एकमेकांत बसवायचे असतील, तर ते बसतात की नाही हे मोजून सांगितलं जातं. हे शेवटचं काम मुंबईच्या आसपास फार कमी ठिकाणी नीट होतं. बाकीच्या ठिकाणी ‘बसवून बघू’ असं उत्तर मिळतं, आणि बसवून बघण्यातच ओतीव लोखंडाचे आटे जातात.

या मोजणीचं महत्त्व कळायला थोडा इतिहास हवा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबी आणि फोर्ड जीपडब्ल्यू या १९४१ ते १९४५ च्या गाड्यांत टी-८४ हा तीन गिअरचा बॉक्स होता. युद्धानंतर विलीसने नागरी गाड्यांसाठी त्याहून दणकट टी-९० घेतला. दोन्ही वॉर्नर गिअरचेच. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत १९५३ मध्ये आलेली उंच बॉनेटची सीजे-३बी पुढे आपल्याकडे इतकी वर्षं बनत राहिली की अजून महाराष्ट्रभर ती दिसते. तिच्यात २१९९ सीसीचं हरिकेन इंजिन आणि त्यामागे टी-९०. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या एमबी आणि इथल्या सीजे-३बी या दोन्हींचे भाग गेली सत्तर वर्षं एकाच भंगारात पडत आले आहेत. म्हणून आज तुमच्या जीपवर बसलेला दांडा तिच्याच सालचा असेल, असं धरून चालता येत नाही.

त्यात आणखी एक गोंधळ नावाचा आहे. ऐंशीच्या दशकात आलेल्या महिंद्रा एमएम ५४० मध्ये केएमटी-९० हा चार गिअरचा बॉक्स होता. भंगारवाल्याकडे ‘नव्वदचा टॉवर’ मागितला की तो प्रामाणिकपणे केएमटी-९० चं टॉप कव्हर काढून देतो. त्याचा टी-९० ला काहीही उपयोग नाही. चार पुढचे गिअर आणि रिव्हर्स हलवायचे म्हणजे त्याच्या आतल्या सळ्यांची आणि फोर्कांची मांडणीच वेगळी. गाळ्यात पहिली गोष्ट विचारतात ती हीच: बॉक्सच्या बाजूला तारेचा ब्रश मारून ओतीव अक्षरं पाहिलीत का? फोटो आणा. फोटोशिवाय ते भाग विकत घ्यायचा सल्ला देत नाहीत, आणि हे अगदी योग्य आहे. चिखल-तेलाच्या थराखाली ती अक्षरं सहसा शाबूत असतात.

विलीसच्या सुरुवातीच्या सीजे-२ए मध्येही टी-९० आहे, पण तिथं गिअर स्टिअरिंगच्या खांबावर असल्याने फोर्क बाजूच्या लिव्हरांनी हलतात. अशा बॉक्सवर जमिनीचा टॉवर चढवायचा हट्ट धरणाऱ्यांना हा गाळा सरळ नाही म्हणतो आणि पूर्ण बॉक्स बदलायला सांगतो.

आता टॉवरकडे. बाहेरून तो साधा ओतीव डबा दिसतो. वर टोपी, टोपीखाली स्प्रिंग, स्प्रिंगखाली दांड्याची गोल मुंडी. मुंडीला खाच असते आणि टॉवरमधली पिन त्या खाचेत बसते, त्यामुळे दांडा स्वतःभोवती गरगर फिरत नाही. आत दोन सळ्या शेजारी-शेजारी. एकीवर पहिल्या आणि रिव्हर्सचा फोर्क, दुसरीवर दुसऱ्या आणि तिसऱ्याचा. दांड्याचं खालचं टोक या फोर्कांच्या खाचांत फिरतं. प्रत्येक सळीला तीन खळगे, त्यात स्प्रिंगने दाबलेला छर्रा बसतो आणि गिअर जागेवर धरतो. दोन सळ्यांच्या मध्ये एक छोटी गोळी असते. एक सळी हलली की ती गोळी दुसरीला कुलूप लावते. ही गोळी नसेल तर एकाच वेळी दोन गिअर लागतात आणि गाडी जागच्या जागी जाम होते.

उघडून पाहताना एक गोष्ट नवख्यांना फसवते. दांडा मुंडीवर डोलतो, म्हणून वरची मूठ डावीकडे नेली की खालचं टोक उजवीकडे जातं. मूठ मागे ओढली की टोक पुढे जातं. पहिला आणि रिव्हर्स तुम्हाला डाव्या बाजूला लागतात, पण त्यांची खाच टॉवरच्या आत उजवीकडे असते. तिसऱ्यासाठी मूठ उजवीकडे-मागे, म्हणजे आत फोर्क पुढे सरकतो. हे उलटसुलट डोक्यात पक्कं नसेल तर चांगल्या सळीला दोष देऊन ती बदलली जाते.

इथली सगळ्यात चांगली सवय म्हणजे टॉवर खोलण्याआधीची चाचणी. गाडी सोबत असेल तर मिस्त्री टोपी उघडून फक्त दांडा काढतात आणि भोकातून लांब पेचकसाने एकेक फोर्क हलवतात. न्यूट्रलमध्ये दोन्ही खाचा एका रेषेत असायला हव्यात. पेचकसाने गिअर पूर्ण बसतोय, खट्कन आवाज होतोय, पण दांड्याने तसा बसत नाही, तर दोष दांड्याच्या टोकात किंवा मुंडीत. पेचकसानेही खटका मऊ लागतोय, तर छर्रा, स्प्रिंग किंवा सळीचा खळगा. खटका कडक आहे, फोर्क पूर्ण जातोय, आणि तरीही रस्त्यावर दुसरा सटकतो, तर टॉवरला हात लावूनच उपयोग नाही. मग आत सिंक्रोची (गिअर जोडताना वेग जुळवणारी) बाही आणि दुसऱ्या गिअरचे दात झिजलेत, मुख्य शाफ्टला मागे-पुढे प्ले आहे, पुढच्या पायलट बेअरिंगचे रोलर गेलेत किंवा इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग बसली आहेत. हे निदान ते मोफत सांगतात आणि टॉवरचं काम नाकारतात. एका पेचकसाच्या या चाचणीने लोकांचा बराच खर्च वाचतो, कारण दुसरा सटकला की टॉवर बदला, असा सल्ला सर्रास दिला जातो.

पहिल्याची खरखर हा दोषच नव्हे, हेही ते गाडीमालकाला बसवून समजावतात. टी-९० मध्ये सिंक्रो फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याला आहे. पहिला आणि रिव्हर्स सरकत्या गिअरचे. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा असेल तर डबल क्लच करावाच लागतो: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच, मग पहिला. नव्या गाड्यांची सवय असलेला हात हे विसरतो आणि टॉवरच्या नावाने बोटं मोडतो.

आता दुरुस्ती. दांड्याच्या टोकावर इथं घेतली जाणारी मेहनत बघण्यासारखी आहे. टोक दोन्ही बाजूंनी झिजून गोलसर होतं, फोर्कच्या खाचा रुंद होतात, आणि मग टोक एका खाचेतून निसटून दोघांच्या मधल्या जागेत अडकतं. सिग्नलला जीप उभी आणि दांडा ना इकडे ना तिकडे, हा प्रकार इथूनच येतो. इथं मुंडीला ओलं फडकं गुंडाळून, ती तापू न देता, टोकावर वेल्डिंगने भर घालतात. मग ग्राइंडरने उतरवून कानशीने आकार देतात. आकार सपाट चौकोनी नको. टोक कमानीत फिरतं, म्हणून बाजूंना किंचित फुगीरपणा ठेवावा लागतो, नाहीतर ते खाचेच्या कडांना चावतं. खाचेत टोक अलगद फिरलं पाहिजे, पण डोळ्याला फट दिसता कामा नये. फोर्कची खाच एकाच बाजूला जास्त झिजली असेल तर आधी खाच सरळ करतात आणि नंतर टोक त्या मापाचं बनवतात. हा क्रम उलटा केला की टोक पुन्हा घासावं लागतं.

म्हणूनच एका सालच्या टॉवरवर दुसऱ्या सालचा दांडा नुसता टाकायला इथं विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटतं. दांडा, फोर्क आणि सळ्या हा एकमेकांवर झिजत आलेला संच असतो. दुसऱ्या टी-९० चा टॉवर घ्यायचा तर अख्खा घ्या, आणि त्याचे फोर्क तुमच्या बॉक्सच्या बाहीच्या खोबणीत बसतात का ते बॉक्स उघडा असतानाच मोजा. फोर्कच्या टोकाची जाडी व्हर्निअरने, खोबणीची रुंदी व्हर्निअरने, आणि बसवल्यावर फट फिलर गेजने. गाळ्याचा नियम असा की अर्ध्या मिलिमीटरपलीकडे फट गेली तर फोर्क बाद. फोर्कची दोन्ही टोकं सारखी झिजलेली नसतील तर फोर्क वाकलेला असतो. तो सपाट काचेवर किंवा सरफेस प्लेटवर ठेवून बघतात. टी-८४ चा फोर्क टी-९० ला लावायचा विचारही नको. टी-९० चे गिअर मोठे, त्यामुळे फोर्कची कमान वेगळी.

फोर्कवर पितळेची भर घालून घेणारे खूप आहेत. इथं ते सहसा करत नाहीत. भर एकसारखी बसली नाही तर फोर्क बाहीला तिरका ढकलतो आणि भर लवकर सोलून निघते. नवीन फोर्क मिळत असताना जुन्याला डागडुजी का, हा त्यांचा साधा प्रश्न आहे. पण नवीन फोर्कही डोळे झाकून घेत नाहीत. काम न करणाऱ्या कोपऱ्यावर कानस मारून बघतात. कानस नुसती घसरली तर लोखंडाला पाणी दिलेलं आहे. कानस सहज चावली आणि भुकटी निघाली तर फोर्क मऊ आहे, परत. ही चाचणी घरी कुणालाही करता येते. कुरिअरने आलेला भाग बसवण्याआधी अवश्य करावी.

सळ्यांबाबत त्यांचा हात हलका आहे. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने चोळतात, लेथवर चढवत नाहीत, कारण सळी बारीक झाली की टॉवरच्या भोकात ती सैल होते आणि मग छर्रा कितीही चांगला असो, गिअर थरथरतो. सळी काचेवर लोळवून बाक बघतात. खळग्यांच्या कडा झिजून उतरत्या झाल्या असतील तर सळी बदलतात. टॉवरची भोकंच लांबट झाली असतील तर टॉवर बदलायला सांगतात. स्प्रिंग ओढून लांब करणं हा आपल्याकडचा जुना प्रकार इथं चालत नाही. ओढलेली स्प्रिंग थोड्या दिवसांत पुन्हा बसते. खाली वॉशर टाकून ती घट्ट करणंही वाईट. गिअर जड होतो, चालक जोर लावतो, आणि तो सगळा जोर दांड्याच्या टोकावर येतो.

सळी ओढताना छर्रा स्प्रिंगच्या जोराने उडतो, म्हणून भोकावर फडकं धरावं. सळी पूर्ण बाहेर काढण्याआधी मधली गोळी कुठे आहे ते पाहून ठेवावं, कारण ती शांतपणे घरंगळते आणि टेबलाखाली जाते, आणि तिच्याशिवायही टॉवर बिनतक्रार जुळतो. जुळणी झाल्यावर या गाळ्यात एक तपासणी चुकत नाही. एक सळी गिअरमध्ये घालायची आणि दुसरी पेचकसाने जोरात ढकलायची. ती तसूभरही हलता कामा नये. मग उलट. तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. ते दाखवतात. सळ्यांच्या टोकाची पत्र्याची बुचं मात्र प्रत्येक वेळी नवी घाला असा आग्रह तुम्हीच धरा. जुनी बुचं ठोकून परत बसवली की तिथून तेल पाझरतं.

आट्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. विलीसचे सगळे बोल्ट इंची आहेत. ५/१६ इंचाचा जाड आट्याचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे बाजारातल्या ८ मिलिमीटरच्या बोल्टसारखाच दिसतो. पण इंची बोल्टला एका इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिलिमीटर अंतर. मेट्रिकला ते १.२५. मेट्रिक बोल्ट इंची भोकात दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातो, मग घट्ट होतो. पान्याने पुढे फिरवला की ओतीव बॉक्सचे आटे संपले. जुन्या जीपच्या टॉवरखाली हे नुकसान फार आढळतं. गाळ्यात इंची टॅप आहेत, गेलेल्या भोकात हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवतात, आणि तुम्ही आणलेला प्रत्येक बोल्ट आट्यांच्या गेजवर तपासून मगच वापरतात. टॉवर घेऊन जाताना त्याचे मूळ बोल्ट पिशवीत घालून न्या.

टॉवर परत बसवायचं काम बरेचजण घरी करतात, कारण बॉक्स गाडीतच राहतो आणि फक्त फरशीचा पत्रा काढावा लागतो. बॉक्समध्ये बाही मधोमध आणि पहिल्याचा सरकता गिअरही मधोमध, टॉवरमध्ये दोन्ही सळ्या न्यूट्रलला, मग टॉवर सरळ खाली उतरवायचा. एका बाजूने तिरका उतरवला तर फोर्क खोबणीच्या बाहेर बसतो आणि बोल्ट आवळताना फोर्क वाकतो. टॉवर हाताने पूर्ण टेकला पाहिजे. बोल्टने ओढून टेकवावा लागत असेल तर थांबा आणि परत उचला. पॅकिंग पातळच वापरा. जाड रबरी पॅकिंगने फोर्क वर उचलले जातात आणि खोबणीत कमी खोल बसतात. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. पत्रा बसवण्याआधी, इंजिन बंद ठेवून, मागचं एक चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवत सगळे गिअर लावून बघा. सरकत्या पहिल्याचे दात समोरासमोर आले तर तो उभ्या गाडीत लागत नाही, म्हणून चाक फिरवणं महत्त्वाचं. पुढची चाकं ठोकळ्यांनी पक्की अडवा, कारण मागचं चाक उचललं की हँडब्रेकवर विसंबता येत नाही.

दांड्याचा बाक हा सालांच्या अदलाबदलीतला नेहमी विसरला जाणारा भाग. एमबी डावीकडून चालवायची गाडी होती, आपली सीजे-३बी उजवीकडून. मुंडी आणि टोक जमले तरी मूठ हाताशी येईलच असं नाही. सीटवर बसून चारही जागा लावून बघायच्या: रिव्हर्सला मूठ डॅशबोर्डला लागते का, पहिल्याला बसलेल्याच्या गुडघ्याला लागते का, तिसऱ्याला फोर-व्हीलच्या दांड्यांना घासते का. बाक बदलायचा तर मधल्या भागात तापवून, मुंडीपासून दूर. या गाळ्यात गाडीत बसवून, खडूने खूण करून, मग तापवतात. टेबलावर अंदाजाने वाकवत नाहीत.

फोर-व्हीलचे दोन दांडे स्पायसर १८ ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर, असतात. एकाने पुढचा एक्सल जोडायचा, दुसऱ्याने हाय-न्यूट्रल-लो. आतली अडवणूक अशी आहे की पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो लागत नाही. ‘लो लागत नाही’ म्हणून आलेल्या किती तरी गाड्यांत बिघाड नसतोच, चालकाने पहिला दांडा पूर्ण ओढलेला नसतो. खरा बिघाड बहुधा दांड्यांच्या आडव्या पिनेत: ग्रीस न मिळाल्याने पिन आणि भोक दोन्ही लांबट होतात आणि एक दांडा दुसऱ्याला सोबत ओढतो. इथं भोक रीम करून बुश घालतात. काम सुबक होतं. सळ्यांची छोटी ऑइल सीलही त्याच वेळी बदलून घ्या.

तेलाबद्दल त्यांचं मत आमच्या मताशी जुळतं: सिंक्रोच्या रिंगा पितळी असल्याने जीएल-४ दर्जाचं एसएई ९० गिअर ऑइल वापरावं. जीएल-५ मधली जास्त दाबाची गंधकयुक्त द्रव्यं पिवळ्या धातूला खातात. डिफरन्शियलला जीएल-५ चालतं, म्हणून तोच डबा गिअरबॉक्समध्ये ओतू नये. भरताना बाजूच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. ट्रान्स्फर केसची पातळीही त्याच दिवशी बघा. मधलं सील गेलं असेल तर एकातलं तेल दुसऱ्यात जातं आणि एकीकडे पातळी वाढलेली दिसते.

ठाण्याच्या पावसात दांड्याचा रबरी बूट फाटका असेल तर पाणी थेट टॉवरमध्ये उतरतं. उघड्या जीपला तर वरूनही. तेल दुधाळ दिसलं की टॉवर खोलावा, छर्रे गंजून भोकात अडकलेले असतात. बूट स्वस्त आहे. जूनच्या आधी बदलावा.

आता तक्रारी. सांगितलेल्या दिवशी काम तयार असेल असं धरून सुट्टी टाकू नका, आधी फोन करा. दर टॉवर उघडल्यावरच सांगतात. ते समजण्यासारखं आहे, पण तो कागदावर लिहून मागा, कारण नंतर वाढलेला भाग आणि मजुरी वेगळी दाखवली जात नाही. जुने भाग मागितल्याशिवाय परत मिळत नाहीत. आणि टॉवर सुटा आणून दिला तर ते पेचकसाची ती चाचणी करू शकत नाहीत, तरीही काम घेतात. हे आम्हाला पटत नाही. निदान नसताना टॉवर नवाकोरा झाला आणि दोष बॉक्समध्ये निघाला, तर खर्च गाडीमालकाचा. शक्य असेल तर जीप घेऊन जा, ओढून न्यावी लागली तरी.

इतर पर्यायांशी तुलना करायची तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात अख्खा टॉवर मिळू शकतो आणि तो स्वस्त पडतो, पण तो या गाळ्यात किंवा अशाच कुणाकडे उघडून बघितल्याशिवाय बसवण्याच्या लायकीचा समजू नये. उघड्या जीपांसाठी प्रसिद्ध असलेल्या हरियाणातल्या मंडी डबवालीहून नवे भाग मागवता येतात. तिथून बूट, स्प्रिंग, टोपी आणि सील मागवणं सोयीचं. फोर्क आणि दांडा मात्र कानशीच्या चाचणीनंतरच. नवी मुंबईकरांना तुर्भे-महापे पट्ट्यात लेथचं काम करून मिळतं, पण टोक बनवायला टॉवर आणि दांडा दोन्ही त्या कारागिरासमोर ठेवा, नुसतं माप सांगून देऊ नका.

काम झाल्यावरची रस्त्यावरची चाचणी ठाण्यातच होते. सकाळी लवकर, गर्दीच्या आधी, येऊरचा चढ दुसऱ्यात चढा आणि उतरताना दुसऱ्यातच ॲक्सिलरेटर सोडा. इंजिन गाडीला मागे धरतं तेव्हाच दुसरा सटकायचा असेल तर सटकतो, चढावर तो कळत नाही. उतारावर मूठ हाताने धरू नका, नाहीतर तुमचाच हात गिअर दाबून ठेवतो आणि दोष लपतो. पहिल्या काही दिवसांनंतर टॉवरचे बोल्ट एकदा पुन्हा आवळून घ्या. नवं पॅकिंग बसतं आणि ते थोडे सैल होतात.